गजभिये सरांच्या मुक्तहस्त फळ्या

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. घरात कान तुटलेले कप जमतात ना, तसे. टाकवत नाहीत, पाहुण्यांपुढे ठेववत नाहीत आणि एक दिवस बघावं तर फळी भरलेली! आमच्या शिक्षक क्वार्टर्सच्या किश्शांचं असंच झालंय. गंमत म्हणजे ते जवळजवळ सगळे स्वयंपाकघरातल्या फळ्यांचेच आहेत. शाळेच्या आठवणी म्हटलं की लोकांना घंटा आठवते, प्रार्थना आठवते. मला खिळे आठवतात!

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. नागपुरात सक्करदऱ्याकडे आमची मुलींची शाळा आणि मी तिथली शिवणाची बाई. शाळेच्या मागे एका ओळीत चार क्वार्टर्स. पहिल्यात विज्ञानाचे वानखेडे सर, दुसऱ्यात आम्ही, तिसऱ्यात चित्रकलेचे गजभिये सर आणि शेवटच्या घरात आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, शेंडेबाई. त्या एकट्याच राहायच्या. घरं तशी हवेशीर. पण स्वयंपाकघरात एक ओटा, एक खिडकी आणि बाकी नुसत्या गुळगुळीत भिंती! ना फळी, ना कोनाडा, ना साधी खुंटी. बांधणारा विसरला म्हणे. स्वतःच्या घरी हा माणूस कधी पाणी प्यायला तरी आत गेला होता की नाही, देव जाणे.

शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरीसाहेब दर दिवाळीला सांगायचे, "कपाटं मंजूर आहेत हो बाई. पुढच्या वर्षी नक्की."

तोवर आमचा आधार म्हणजे गजभिये सर.

सर मूळचे कामठीचे. मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस. कुठलीही वस्तू टाकाऊ असते हेच त्यांना मान्य नव्हतं. "टाकता कायले? द्या इकडे!" म्हणायचे आणि मोडक्या बाकाची फळी, तुटक्या खुर्चीचा पाय, छत्रीची दांडी, जे मिळेल ते जोडून भिंतीवर ठोकायचे. रंग वेगळे, जाड्या वेगळ्या, पण दिसायला मोठं झोकदार. एकच अडचण होती. सर मुक्तहस्त चित्र शिकवायचे आणि वर्गात कुणी पट्टी काढली की भडकायचे. "रेघ हातातून आली पाह्यजे! पट्टीनं तर कोणीही मारते!" तोच नियम त्यांनी सुतारकामालाही लावला. एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचे, पेन्सिलनं खूण करायचे आणि खिळा ठोकायचे. "झालं. एकदम सीधी!"

सगळ्या फळ्या डावीकडे उतरत्या.

आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. उजवीकडे डबे ठेवायचे, डावीकडे फळीखाली टेकू म्हणून पाटा उभा करायचा. पण एका घरात सरांची एकही फळी नव्हती. त्यांच्या स्वतःच्या! त्यांची बायको शांताबाई सारी भांडी खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि स्वयंपाकाला एकेक काढायची. सर विनवायचे, चिडायचे, रुसायचे. तिचं एकच उत्तर. "तुमच्या फळीवर मी चमचा बी ठेवणार नाही!"

लाईनभर नाव झालेल्या माणसाला एवढं एकच लागून राहिलं होतं.

* * *

पहिला प्रयोग वानखेड्यांकडे झाला. संत्रा मार्केटातून सरांनी रिकाम्या पेट्या आणल्या आणि आडव्या करून भिंतीवर ठोकल्या. सहा कप्पे तयार! वानखेडेबाईंनी वर्तमानपत्राच्या झालरी लावल्या, चहा-साखर मांडली आणि दिवसभर आम्हाला बोलावून बोलावून दाखवलं.

आठ दिवसांत घरातल्या प्रत्येक पदार्थाला संत्र्याचा वास! पोळीला संत्रं, वरणाला संत्रं. अशात त्यांची पुण्याची नणंद आली. चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "वहिनी, यात काय घातलंय हो? किती छान वास येतोय!"

वानखेडेबाई कसल्या कमीपणा घेतात! म्हणाल्या, "आमच्याकडे असाच करतात. नागपुरी चहा."

पुढच्या उन्हाळ्यात नणंद पुन्हा आली, ती वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची पुडी घेऊनच. "आज चहा मी करणार. तुमच्या पद्धतीचा!" आम्हा सगळ्यांना बोलावणं गेलं. असा कडू चहा मी जन्मात प्याले नाही. पण वानखेडेबाई डोळे वटारून बसलेल्या, त्यामुळे सगळ्यांनी मुकाट्यानं संपवला. शेवटी वानखेडे सरांनी कप खाली ठेवला आणि बहिणीला विचारलं, "हे दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

* * *

आमच्या वाट्याला फळा आला. शाळेतला तडकलेला काळा फळा. सरांनी तो ओट्याच्या मागे भिंतीला लावला आणि त्यावर खालीवर तीन छोट्या फळ्या बसवल्या. एक बाकाची, एक खोक्याची, एक कॅरमबोर्डाच्या तुकड्याची. मधे मधे काळी जागा उरली. घरात खडूंना तोटा नव्हता!

आमचे हे जिनिंग फॅक्टरीत नोकरीला. सकाळी मी शाळेत जायचे तेव्हा ते झोपलेले, ते जेवून जायचे तेव्हा मी वर्गात. त्यामुळे आमचा अर्धा संसार त्या फळ्यावर चालायचा. एक दिवस घरी आले तर लिहिलेलं, "भाजीत मीठ नाही." मी खाली लाल खडूनं लिहिलं, "अक्षर सुधारा." दुसऱ्या दिवशी, "वरण पातळ." मी लिहिलं, "उत्तर अपूर्ण. तूप घेतले होते का?" तिसऱ्या दिवशी यांनी फारच मोठा निबंध लिहिला. मला आला राग. सवयीनं हात गेला आणि लिहिलं, "वर्तणूक असमाधानकारक. उद्या पालकांना घेऊन यावे."

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळच्या एसटीनं कुहीहून माझ्या सासूबाई हजर! तांदळाची पिशवी घेऊन त्या सहज आल्या होत्या, पण आल्या. पाणी प्यायला आत गेल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर न् अक्षर लावून वाचायच्या. मी फडकं शोधायला धावले.

सासूबाईंनी सगळं वाचलं. चष्मा काढला. यांना हाक मारून ओट्यापुढे उभं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग बाई. काय केलं यानं?"

* * *

उघड्या फळ्यांचा एक तोटा असतो. काय आहे आणि किती आहे ते साऱ्या जगाला दिसतं. साखर रेशनवर मिळायची ते दिवस. वानखेडेबाईंच्या फळीवर साखरेची बरणी भरलेली दिसली की लाईनभरच्या वाट्या तिकडे चालू लागायच्या. शिवाय त्यांचे दोन पोट्टे येता-जाता बकाणे भरायचे.

वानखेडेबाईंनी नवऱ्याला साकडं घातलं. वानखेडे सरांनी प्रयोगशाळेतली एक कोरी काचेची बरणी आणली आणि तिच्यावर लाल अक्षरात चिठ्ठी चिकटवली. "विष". बाजूला हाडांचं चित्र गजभिये सरांनी काढून दिलं. मुक्तहस्त!

पोरं खरंच घाबरली. आम्ही कशाला घाबरतोय? आम्हाला ठाऊकच होतं. उलट आमच्यात साखरेचं नावच 'विष' पडून गेलं.

एका रविवारी गजभिये सरांकडे त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ आले. जरा जास्तच वेळ बसले. अंगणात खुर्ची टाकून त्यांचं सगळ्या नातेवाइकांबद्दल मत सांगणं चाललं होतं. शांताबाई चहा टाकायला आत गेली, साखर संपलेली. मागच्या दारातून तिनं खणखणीत आवाजात हाक दिली, "ओ वानखेडेबाई! वाटीभर विष द्या वं! पाहुणा आला आहे!"

तिकडून वानखेडेबाई तितक्याच जोरात, "पुरंल का वं बाई तेवढं? का दोन वाट्या देऊ?"

चहा घेऊन शांताबाई बाहेर आली तर खुर्ची रिकामी! फाटक उघडं होतं.

* * *

मग आलं सायकलचं चाक. हे आमच्याकडे लागलं. सरांनी जुन्या चाकाची रिम छताला आडवी टांगली, तिला तारेचे आकडे लावले आणि पळ्या, झारे, कालथे, किसण्या सगळं लटकवलं. मधल्या बेअरिंगला भरपूर ग्रीस! "आता तुम्ही जागचं हलायचं नाही. भांडं तुमच्याजवळ येते!"

येत होतं खरं. मी हलकेच ढकलायचे, झारा समोर यायचा. पण सरांना ते हलकेच कुठलं आवडायला! वानखेडेबाईंना दाखवायला म्हणून त्यांनी चाकाला असा काही झटका दिला की आम्ही तिघंही खाली बसलो. किसणी दारामागे गेली. झारा पिठाच्या डब्यात. आणि मोठी पितळी पळी सरळ खिडकीतून बाहेर!

बाहेरून काही आवाजच आला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

थोड्या वेळानं दारात मोठ्या बाई उभ्या. हातात पळी. पदराला बाहेर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांचा चुरा. त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आम्ही अजून खालीच बसलेलो.

"वर्गात मुली खडू फेकतात," मोठ्या बाई म्हणाल्या, "ते कुणाकडून शिकतात याचा मी बरेच दिवस शोध घेत होते."

* * *

शांताबाईची खोड मोडायची म्हणून सरांनी एकदा कावा केला. ती चार दिवस कन्हानला माहेरी गेलेली. सरांनी कामठीहून लाकडी बॉबिनं आणली, तीच सूत गुंडाळायची, आणि त्यांचे खांब करून दोन फळ्यांची लांबलचक मांडणी उभी केली. रंग दिला. खांबांवर वेलबुट्टी काढली. खरं सांगते, देखणी झाली होती! पेटीतली भांडी काढून सरांनी हौसेनं वर मांडली आणि बसले वाट बघत. आम्हीही गेलो होतो बघायला. घरात लग्न असावं तशी माणसाची घालमेल चाललेली.

शांताबाई आली. पिशवी खाली ठेवली. मांडणीकडे बघितलं. पिशवीतून माहेरचं एक लिंबू काढलं, वरच्या फळीच्या उजव्या टोकाला ठेवलं आणि स्वतः डाव्या टोकाला जाऊन ओंजळ धरून उभी राहिली.

लिंबू निघालं. कपांच्या पुढून, वाट्यांच्या पुढून, घरंगळत घरंगळत आलं आणि बरोब्बर तिच्या ओंजळीत पडलं.

"सरबत करू?" शांताबाईनं विचारलं.

त्या संध्याकाळी मांडणी मागच्या अंगणात गेली, कोंबड्यांच्या खुराड्यात. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. मी शांताबाईला म्हटलं, "अगं, दोन वाट्या ठेवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?"

"माह्या वाट्या फुटल्या असत्या, ते बिघडलं असतं!" ती म्हणाली. मग पेटी खाटेखाली सरकवत, "अन् खोटं कायले बोलू वं? साऱ्या लाईनीनं त्यांले खोटंच सांगून ठेवलं आहे."

खरंच होतं ते. आमच्या फळीखाली पाटा होताच.

पण चार-आठ दिवसांनी शांताबाईनंच अंगणातून नवऱ्याला हाक मारली. "अहो, या इकडं! तुमची मांडणी लय कामाची निघाली!" सर धावत गेले. कोंबड्या फळीवर कुठंही बसोत, अंडी आपोआप डाव्या टोकाला गोळा होत होती!

* * *

मोठ्या बाईंकडे सरांनी कामठीच्या बाजारातून डिस्पोजलच्या पेट्या आणून दिल्या होत्या. मिलिटरीनं विकून टाकलेल्या, हिरव्या, दोराच्या कड्यांच्या. चार पेट्या आडव्या रचून त्यांची मांडणी केली आणि पाचवी, झाकणाची, बसायला आणि आत तिखट ठेवायला. पुढच्या बाजूला पांढऱ्या इंग्रजी अक्षरात दारूगोळ्याचा इशारा छापलेला होता. मोठ्या बाईंनी तो पुसला नाही. म्हणायच्या, "असू दे. मांजर येत नाही."

एकदा सेक्रेटरीसाहेब त्यांच्याकडे आले. नेहमीचंच सांगायला, की यंदाही कपाटं जमत नाहीत. मोठ्या बाई पोळ्या करत होत्या, म्हणाल्या, "आतच या." साहेब त्या पेटीवर टेकले. बोलता बोलता रुमाल खाली पडला. तो उचलायला वाकले, आणि स्वतःच्या दोन पायांमधून त्यांनी ती अक्षरं वाचली.

साहेब जे सरळ झाले ते हललेच नाहीत. समोर धडधडता स्टोव्ह! मोठ्या बाईंना काय, वाटलं आज साहेब निवांत आहेत. त्यांनी कपाटांचा विषय काढला. साहेब म्हणाले, "देऊ." चारही घरांना? "देऊ." सागवानी? "हो." दारांची? "हो, हो." याच उन्हाळ्यात? "बाई, तुम्ही आधी तो स्टोव्ह बंद करा, उद्याच माणूस पाठवतो!"

मोठ्या बाईंनी स्टोव्ह बंद केला, पेटी उघडायला म्हणून साहेबांना उठवलं आणि आतलं भिवापुरी तिखट पुडीत बांधून त्यांच्या हातात दिलं. "घरी न्या. मोठं जहाल आहे."

* * *

आणि खरंच कपाटं आली! त्या उन्हाळ्यात चारही स्वयंपाकघरांत सागवानी कपाटं बसली. दारांची, कड्यांची, चकचकीत पॉलिशची. फळ्या इतक्या सरळ की आम्ही पहिल्या दिवशी नुसत्या हात फिरवत बसलो होतो.

जुन्या फळ्या निघाल्या. वानखेड्यांच्या पेट्या बंबात गेल्या. आमच्या काळ्या फळ्यावर कपाट बसलं. सायकलची रिम भंगारवाला घेऊन गेला. सर आपल्या अंगणात उभे राहून हे सगळं बघत होते. आम्ही कुणीच त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतो. वानखेडे सर तोंडदेखलं म्हणाले, "सर, तुमच्या फळ्यांची मजाच वेगळी होती." सर म्हणाले, "हो. सीध्या नव्हत्या पण."

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले.

मग सर बसूनच राहिले. शाळेतून यायचे आणि ओसरीवर बसायचे. हातोडी नाही, खिळे नाहीत, कुणाच्या मोडक्या खुर्चीकडे नजर नाही. वर्गातल्या मुली सांगायच्या, सर आता पट्टी वापरली तरी ओरडत नाहीत. पंधरवडा असा गेला. शांताबाईचा आवाजही लाईनीत ऐकू येईनासा झाला.

एका रविवारी दुपारी तिच्या घरातून खटखट ऐकू आली. मला वाटलं, सर लागले कामाला! मी धावत गेले. तर सर ओसरीवरच, आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून. आवाज आतून.

आत शांताबाई, पदर खोचलेला, हातात स्क्रू काढायचा पेचकस. कपाटाची दोन्ही दारं काढून तिनं भिंतीला टेकवून ठेवली होती. खाटेखालची पेटी मोकळी. कप, बशा, वाट्या, तिच्या आईची पितळी गडवी, डबे, सगळं जमिनीवर पसरलेलं. पाय ठेवायला जागा नव्हती. आणि समोर ते सागवानी कपाट, वरपासून खालपर्यंत रिकामं! एक चमचादेखील नव्हता त्यात.

"अहो!" तिनं बाहेर हाक दिली. "जरा आत या. हे कपाट पुरून नाही राहिलं."

सर दारात आले. त्यांनी जमिनीकडे बघितलं. मग कपाटाकडे.

"सामान मावत नाही त्याच्यात," शांताबाई म्हणाली. "हे दोन दारं घ्या, अन् एखादी फळी ठोकून द्या ओट्यावर."

मी म्हणायला गेले, "अगं शांताबाई, पण कपाट तर सगळं..."

तिनं माझ्या पायावर असा पाय दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सरांनी कोपऱ्यातली पेन्सिल उचलली. ओट्यावरच्या भिंतीसमोर उभे राहिले आणि एक डोळा मिटला.

"कुठून धरू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाले दिसंल तिथून," शांताबाई म्हणाली.